डोकं माझं, मर्जी माझी? हेल्मेट, हिमस्खलन आणि निवडीचा प्रश्न

नवीन जालन्यात सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला कोणत्याही चौकात पाच मिनिटं उभे राहा आणि हेल्मेट मोजा. डोक्यावरची मोजायची नाहीत, फक्त असलेली मोजायची. एक आरशाला लटकलेलं असतं, एक पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेलं, एक कोपरात बांगडीसारखं अडकवलेलं. एक मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर असतं आणि त्यात भाजीची पिशवी असते. मी हा उद्योग तीन-चार वेळा केला. आकडा सांगत नाही, कारण असल्या मोजणीला काही अर्थ नसतो, पण एक गोष्ट दर वेळी दिसली: हेल्मेट विकत घेतलेल्यांची संख्या आणि ते घातलेल्यांची संख्या यांत बरंच अंतर आहे. म्हणजे प्रश्न फक्त पैशांचा नाही.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो भलत्याच ठिकाणावरून. मी स्नोमोबाईलबद्दल वाचत होतो. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारी मोटारसायकल: पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा. कॅनडा-अमेरिकेत लोक ती घेऊन रस्ते सोडून थेट डोंगरात शिरतात. तिथे धोका असतो हिमस्खलनाचा, म्हणजे उतारावरचा बर्फाचा थर सुटून खाली येण्याचा. त्यासाठीची साधनं बाजारात आहेत, चांगली आहेत, आणि तरीही तिथे अनेक वर्षं वाद चालू आहे की ती बाळगायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं की नियम करावा. वाद वाचता वाचता मला वाटलं, अरे, हे तर आपल्या हेल्मेटचंच भांडण आहे. वाक्यंसुद्धा तीच. ‘मी वीस वर्षं चालवतोय.’ ‘मी जास्त लांब जात नाही.’ ‘मरायचं असेल तर काहीही घातलं तरी मरतो.’

जालन्यात बर्फ पडत नाही. मे महिन्यात आमच्याकडे फ्रीजमधलाही टिकत नाही. पण ती साधनं कशी काम करतात हे समजलं तर हेल्मेटच्या वादातला एक मुद्दा फार स्वच्छ दिसतो, म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

बर्फाखाली पंधरा मिनिटं

डोंगरात जाणाऱ्याकडे तीन वस्तू असाव्यात असं सांगतात. पहिली, बीकन: छातीला बांधायचं मोबाईलएवढं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झ या ठरलेल्या वारंवारितेवर सतत टिक-टिक संदेश सोडत असतं. जगभर एकच वारंवारिता, त्यामुळे कोणत्याही कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सापडतं. कोणी गाडला गेला की बाकीचे आपापली यंत्रं ‘शोध’वर टाकतात आणि संदेश जिथे सगळ्यांत जोरात मिळतो तिथे पोहोचतात. दुसरी वस्तू, घडीची लांब काठी. ती बर्फात खुपसून माणूस नक्की कुठे आणि किती खोल आहे ते बघायचं. तिसरी, फावडं.

एवढी घाई कशासाठी? गाडला गेलेला माणूस बहुतेक वेळा श्वास कोंडून मरतो. स्वित्झर्लंडमधल्या घटनांचा जो प्रसिद्ध अभ्यास १९९४ मध्ये आला, त्यात पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ जण वाचलेले दिसतात. पस्तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण दहातल्या तिघांवर येतं. पोलीस, हेलिकॉप्टर, बचाव पथक हे सगळं पंधरा मिनिटांत येत नसतं. जो काही वाचवणारा आहे तो तुमच्या शेजारीच उभा असलेला मित्र.

आता इथे थांबून बघा. माझ्या पाठीवरचं फावडं माझ्या काय कामाचं? काहीच नाही. मी गाडला गेलो तर ते माझ्याबरोबर बर्फाखालीच असणार. माझं फावडं तुझ्यासाठी आहे आणि तुझं माझ्यासाठी. मी फावडं न घेता आलो तर धोका मी पत्करलेला नाही, तो तुझ्यावर टाकलेला आहे, आणि तोही तुला न विचारता. ‘माझी मर्जी’ हे वाक्य इथे व्याकरणातच चुकतं.

चौथी वस्तू एअरबॅग. पाठीवरच्या सॅकमध्ये फुगा, खांद्याच्या पट्ट्यावर खेचायची मूठ. बर्फ सुटला की मूठ ओढायची, फुगा फुगतो आणि माणूस बर्फाच्या लोंढ्यात वरच्या बाजूला राहतो. यामागचं तत्त्व आपल्या प्रत्येक घरात आहे. चिवड्याचा डबा हलवा: बारीक चुरा खाली जातो, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर राहतात. हलत्या, कणाकणांच्या ढिगात मोठी वस्तू वर सरकते. फुगा माणसाला मोठी वस्तू बनवतो.

किती उपयोग होतो? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गंभीरपणे सापडलेल्या लोकांतलं मृत्यूचं प्रमाण फुगा नसताना सुमारे २२ टक्के आणि फुगा फुगलेला असताना सुमारे ११ टक्के निघालं. म्हणजे निम्मं. शून्य नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते: सॅक पाठीवर असूनही पाचातल्या एकाचा फुगा फुगलाच नाही, आणि त्याचं सगळ्यांत मोठं कारण यंत्र बिघडणं हे नव्हतं. मूठ ओढली गेली नाही, हे होतं. वस्तू विकत घेतली, बरोबर नेली, आणि ऐन वेळी ती चालू केली नाही. कोपरात अडकवलेलं हेल्मेट आठवलं ना?

साधनं असूनही काय होऊ शकतं याचं एक उदाहरण सांगून बर्फातून बाहेर पडू. २८ डिसेंबर २००८, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नीजवळ. स्पारवूड गावातले अकरा जण स्नोमोबाईल घेऊन डोंगरात गेले होते. पहिल्या स्खलनात सात जण गाडले गेले. उरलेले चार मदतीला धावले आणि खोदत असताना दुसरा लोंढा आला. अकरांपैकी तिघेच परत आले. इथे चूक साधनांची नव्हती. त्या दिवशी त्या उतारावर असणं हाच धोका होता. साधन हा शेवटचा उपाय असतो, पहिला नाही. हे वाक्य मी पुढे हेल्मेटलाही लावणार आहे, कारण हेल्मेटच्या बाजूचे लोक ते सोयीने विसरतात.

आपला लोंढा

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती. आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची नोंद ५०,०२९. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातले आकडे आहेत. त्या पन्नास हजारांतले १४,३३७ गाडी चालवत नव्हते. ते मागे बसले होते. हा आकडा लक्षात ठेवा.

(‘हेल्मेट नव्हतं’ म्हणजे ‘हेल्मेट असतं तर वाचले असते’ असा अर्थ नाही. छातीवरून ट्रक गेला तर हेल्मेट काय करणार. पण हेल्मेटमुळे किती फरक पडतो याचे जगभरचे अभ्यास २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात एकत्र केले गेले. अपघात झालेल्या दुचाकीस्वारांत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं. पुन्हा तेच, शून्य नाही.)

जालन्याचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे. इथे सळया बनवणारे कारखाने आहेत, बियाणांच्या कंपन्या आहेत, मोंढा आहे, मोसंबीचा व्यापार आहे. म्हणजे ट्रक आहेत. सळयांची टोकं मागे बाहेर आलेले, लाल फडकं लावलेले, कधी तेही न लावलेले ट्रक. आणि त्याच रस्त्यावर एमआयडीसीत पाळीला जाणारे, आजूबाजूच्या गावांतून येणारे दुचाकीवाले. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे नवीन, रुंद, दुभाजक असलेला रस्ता चारचाकीला, दुचाकीला जुनाच.

माझा मावसभाऊ याच जुन्या रस्त्यांवरचा. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी पाळी संपवून येताना एका खड्ड्याला चुकवायला गेला, पुढचं चाक घसरलं, डाव्या कुशीवर पडला. कोणी धडक दिली नाही. वेग तीस-पस्तीस असेल. हेल्मेट होतं. हातात होतं. गावात शिरल्यावर काढलं होतं, कारण ‘आता काय, आलंच घर’. कवटीला तडा आणि आत रक्तस्राव. अकरा दिवस अतिदक्षता विभाग. तो जगला, बोलतो, चालतो, पण पूर्वी तोंडी हिशेब करणारा माणूस आता दोन वस्तूंची बेरीज मोबाईलवर करतो आणि संध्याकाळी विनाकारण चिडतो. नोकरी गेली नाही, पण काम बदललं. मशीनवरून गेटवर.

तीस का वेग, मग काय होतंय?

‘शहरात वेगच नसतो’ हा हेल्मेट न घालण्याचा सगळ्यांत लोकप्रिय युक्तिवाद आहे, म्हणून त्याचा हिशेब करू. दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी आहे, वेग शून्य आहे असं धरा, आणि तुम्ही आडवे पडलात. दीड मीटरवरून खाली येताना डोकं जमिनीला लागेपर्यंत त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर झालेला असतो. हा वेग गाडीचा नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे. स्पीडोमीटरवर तो कधीच दिसत नाही.

आता डोकं थांबायला किती अंतर मिळतं ते बघा. सोपं सूत्र: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर कातडी आणि थोडं इकडे-तिकडे धरून तीन मिलिमीटर मिळतील असं मानू. १५० सेंटिमीटर भागिले ०.३, म्हणजे ५००. गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट झटका. हेल्मेटच्या आतला थर तीन सेंटिमीटर चेपला तर १५० भागिले ३, म्हणजे ५०. आकडे ढोबळ आहेत, पण दहापट फरक कुठून येतो ते कळतं.

तो फरक बाहेरच्या चकचकीत कवचामुळे येत नाही. लोकांना वाटतं हेल्मेट म्हणजे कडक टोपी. कवचाचं काम मार एका जागी न राहू देता पसरवणं आणि टोकदार वस्तू आत शिरू न देणं. जीव वाचवतो तो आतला पांढरा किंवा काळा थर, थर्माकोलच्याच जातीचा पण जास्त घट्ट. तो चेपतो आणि चेपताना मार गिळतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसलं तरी बाद. आणि म्हणूनच फुटपाथवर दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारी टोपी, जिच्यात तो थर नावापुरता असतो किंवा नसतोच, ती दंड वाचवते, डोकं नाही.

जालन्यात अजून एक प्रकार दिसतो, आणि तो मला दर वेळी अस्वस्थ करतो: कारखान्यातलं पिवळं प्लास्टिकचं हेल्मेट घालून दुचाकी चालवणारे. त्यांना वाटतं आपण नियम पाळतोय. ती टोपी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी बनवलेली असते, तिचं मानकच वेगळं, आयएस २९२५. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आयएस ४१५१. पिवळ्या टोपीला बाजूने काही संरक्षण नाही, आणि पडताना ती डोक्यावर राहीलच याचीही खात्री नाही. हा माणूस बेफिकीर नाही, उलट सुरक्षेचा विचार करणारा आहे. त्याला कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

मर्जीवाल्यांचं म्हणणं

मी हेल्मेट घालतो, तरी विरोध करणाऱ्यांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी दोन वाजता हेल्मेट घालून सिग्नलला उभं राहून बघा. घाम डोळ्यात, चष्म्यावर वाफ. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज आपल्याला बऱ्याचदा आवाजावरून येतो, तो मंद होतो अशी तक्रार असते. गाडी लावल्यावर हेल्मेट ठेवायचं कुठे? गाडीला अडकवलं तर चोरीला जातं किंवा पावसाने भरतं. डोक्यावर पदर घेणाऱ्या, अंबाडा घालणाऱ्या बाईने ते कसं घालायचं याचा विचार हेल्मेट बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांतल्या निम्म्या डिझाइनच्या आहेत.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: रस्त्यावर खड्डे, दुभाजकात कोणीही केलेली फट, दिवे बंद, आणि सरकारला सापडतं कोण तर हेल्मेट नसलेला दुचाकीवाला. पुण्यात हा राग सगळ्यांत उघडपणे दिसला. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती सुरू केल्यावर तिथे विरोधी कृती समितीने हेल्मेटची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. आमच्या मराठवाड्याला तर त्याआधीची आठवण आहे: जुलै २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली, पंपचालकांनी विरोध केला, आणि काही आठवड्यांत निर्णय सौम्य झाला. सक्ती येते, फोटो छापून येतात, दोन महिन्यांत सगळं पूर्वीसारखं. लोकांनी यातून शिकलेला धडा असा की हेल्मेट ही मोहीम आहे, सवय नाही.

‘ज्याला हेल्मेट मिळालं तो जास्त बेफाम चालवतो’ असाही एक युक्तिवाद आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींच्या सुरक्षा नियमांबद्दल असंच काहीसं मांडलं होतं: सुरक्षितता वाढली की माणूस जोखीम वाढवतो. हिमस्खलनाच्या क्षेत्रातही एअरबॅगबद्दल ही भीती बोलली जाते, आणि तिथे मला ती समजते, कारण तिथे लोक थरारासाठीच जातात. पण मोंढ्यातून घरी दूध-भाजी घेऊन येणारा माणूस हेल्मेट घातलं म्हणून ट्रकच्या खाली गाडी घालेल, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने २०१२ मध्ये २१ वर्षांवरच्यांना काही अटींवर हेल्मेटमधून सूट दिली. तिथल्या अभ्यासांत पुढे हेल्मेटचा वापर घसरलेला आणि डोक्याच्या दुखापती वाढलेल्या दिसल्या. मर्जीवर सोडलं की काय होतं याचा तो बऱ्यापैकी स्वच्छ प्रयोग होता.

कायद्याच्या बाजूने हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकाली निघालेला आहे. हेल्मेटसक्तीमुळे देशात मुक्त फिरण्याच्या मूलभूत हक्कावर गदा येते असा दावा हैदराबादहून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अजय कानू खटल्यात १९८८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणारा असो की मागचा, हेल्मेट बंधनकारक करतं. पगडी घालणाऱ्या शीखांना सूट आहे. कलम १९४ ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा, आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या आत. हा शेवटचा नियम जालन्यात पाळलेला मी एकदाही पाहिलेला नाही. तो आहे हेच फार कमी लोकांना माहीत असावं.

मागे बसलेली

आता त्या फावड्याकडे परत येऊ. हेल्मेट हे फावड्यासारखं नाही, हे मान्य. माझं हेल्मेट माझं डोकं वाचवतं, तुझं नाही. त्यामुळे ‘डोकं माझं, मर्जी माझी’ इथे वरकरणी तरी बसतं. पण १४,३३७ हा आकडा आठवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यावरही काटेकोर कारवाई करायच्या सूचना दिल्या, तेव्हा आपल्याकडे केवढी थट्टा झाली. ‘आता बायकोलाही हेल्मेट?’ त्या थट्टेतच उत्तर आहे. मागे बसलेल्या बाईने कधी ठरवलं होतं की मला नको? बहुतेक घरांत तिच्यासाठी हेल्मेट घेतलेलंच नसतं. खरेदी नवऱ्याने केली, एक घेतलं, आपल्या मापाचं घेतलं. ती एका बाजूला पाय टाकून, एका हाताने मूल, दुसऱ्या हाताने सीटची कड धरून बसते. पडली तर सावरायला तिला हँडलही नाही. इथे कोणाची मर्जी चालली?

आणि खर्च. ‘माझं डोकं’ म्हणणारा अपघातानंतर स्वतःचं बिल स्वतः भरत नाही, तो शुद्धीवर नसतो. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना आणली: सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. योजना चांगली आहे, पहिल्या तासात पैशांसाठी कोणी अडू नये म्हणून तिचं मोल फार आहे. पण डोक्याची दुखापत सात दिवसांत आटपत नाही. माझ्या मावसभावाचे अकरा दिवस तर फक्त आतले. त्यानंतर आठ महिने मावशी त्याच्याबरोबर होती, वहिनीने शिवणकाम वाढवलं, मोठ्या मुलीने बारावीनंतरचा कोर्स एक वर्ष पुढे ढकलला. त्या दिवशी हेल्मेट हातात घ्यायचं ठरवताना या तिघींपैकी कोणालाही विचारलेलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, या वादात आपण चुकीच्या जागी उभं राहून भांडतोय. चौकातल्या हवालदारासमोर उभं राहून मर्जीची चर्चा करणं म्हणजे बर्फ सुटल्यावर फावडं शोधणं. खरी निवड त्याच्या खूप आधी झालेली असते: शोरूममध्ये.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १३८ मध्ये, नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट द्यायची जबाबदारी आधीपासून उत्पादकावर आहे. तुम्ही शेवटची गाडी घेतलीत तेव्हा मिळालं होतं का, आणि मिळालं तर बिलात वेगळं लावलं होतं का, हे एकदा आठवून बघा. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने नवा मसुदा काढला: प्रत्येक नव्या दुचाकीबरोबर मानक चिन्ह असलेली दोन हेल्मेट, आणि लहान इंजिनांच्या गाड्यांनाही अँटी-लॉक ब्रेक. ब्रेकचा भाग मला दोन्हींत जास्त महत्त्वाचा वाटतो. मसुदा निघाला तेव्हा १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांनाच तो बंधनकारक होता, आणि जालन्याच्या रस्त्यावर शंभर-सव्वाशे सीसीच्याच गाड्या जास्त. अँटी-लॉक ब्रेक म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम न होऊ देणारी यंत्रणा. सेन्सर चाकाचा वेग बघतो, चाक अडकू लागलं की क्षणभर ब्रेक सोडतो, पुन्हा धरतो, सेकंदात अनेक वेळा. वाळूवर, ओल्या डांबरावर पुढचं चाक घसरून आडवं पडणं यामुळे कमी होतं. मावसभाऊ असाच पडला होता. गाडी पडलीच नाही तर हेल्मेटची परीक्षाच होत नाही. गाड्या महाग होतील ही उत्पादकांची तक्रार खोटी नाही, पण हीच तक्रार मोटारींना एअरबॅग लागू होतानाही ऐकली होती.

दुसरं हेल्मेट गाडीबरोबरच घरी आलं तर किमान ‘तिच्यासाठी घेतलंच नाही’ हे कारण संपेल. घालायचं की नाही ते ती ठरवेल. मर्जी म्हणायची तर ती ही.

विकत घेताना

थोडं कामाचं सांगतो. जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. तरी विकतात. चिन्ह छापायला काही लागत नाही, त्यामुळे नुसत्या चिन्हावर विसंबू नका. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ हे ॲप फुकट आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. ब्युरोने २०२५ च्या मध्यावर सांगितलं तेव्हा देशभरात १७६ उत्पादकांकडे वैध परवाना होता. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचं काम आहे. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो, तो बोनस.

माप महत्त्वाचं. घातल्यावर डोकं हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागे राहायला नको. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावा आणि मागून वर ढकलून पुढे निघतं का बघा. निघालं तर घेऊ नका. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे मूठ न ओढलेली एअरबॅग. पहिल्या झटक्यात ते एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. ब्लूटूथ, दिवे, कॅमेरा असल्या ‘स्मार्ट’ हेल्मेटचे पैसे आत्ता तरी चांगल्या काचेत आणि हवेच्या झरोक्यांत घाला. उन्हाळ्यात तेच उपयोगी पडतं.

गेल्या महिन्यात मी बायकोसाठी हेल्मेट घ्यायला गेलो. तिलाच घेऊन गेलो, कारण माप तिचं. अंबाड्यामुळे तीन परत केली, चौथं बसलं, अंबाडा थोडा खाली घेऊन. बाराशे रुपये. दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही कशाला, मागं तर बसणार.’ मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच विचारलं, ‘भाऊ, परवान्याचा नंबर कुठं आहे यावर?’ तिने क्रमांक तपासला, बरोबर निघाला, पैसे दिले. बाहेर आल्यावर तिने ते घातलं, मला पट्टा तपासायला लावला आणि म्हणाली की येत्या पगाराला लेकीचंही. ती सहा वर्षांची आहे आणि तिच्या मापाचं जालन्यात अजून सापडलेलं नाही. चार दुकानं झाली. आता संभाजीनगरला बघायचं आहे.